‘एप्रिल फूल्स डे’ (१९८६): हा शेवट प्रेक्षकाची फसवणूक आहे का?

(या धाग्यात चित्रपटाचा शेवट पूर्णपणे उघड केला आहे. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावे, ही कळकळीची विनंती.)

ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन स्लॅशरपटांविषयी (म्हणजे एकेक करून माणसे मारली जाणाऱ्या भयपटांविषयी) बोलणे निघाले की एका चित्रपटाच्या नावावर हमखास दोन तट पडतात. फ्रेड वॉल्टन दिग्दर्शित ‘एप्रिल फूल्स डे’ मार्च १९८६ मध्ये पॅरामाउंटने प्रदर्शित केला. लेखन डॅनिलो बाख यांचे, संगीत चार्ल्स बर्नस्टाइन यांचे आणि निर्माता फ्रँक मँकुसो ज्युनिअर. हे शेवटचे नाव लक्षात ठेवावे, कारण ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेच्या दुसऱ्या भागापासून तेच नाव प्रेक्षकांनी पडद्यावर वाचलेले होते. किट या नायिकेच्या भूमिकेतली एमी स्टीलही त्याच दुसऱ्या भागातली (१९८१) खुन्याच्या तावडीतून जिवंत सुटलेली मुलगी. थोडक्यात, तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला आपण काय पाहायला आलो आहोत याची पक्की खात्री होती.

कथा ओळखीच्या वाटेनेच सुरू होते. महाविद्यालयातली मित्रमंडळी सुट्टीसाठी मफी सेंट जॉन या श्रीमंत मैत्रिणीच्या बेटावरच्या वाड्यात जमतात. बोटीवर आर्च आणि स्किप सुरी खुपसल्याचे सोंग करतात, त्या गोंधळात बक नावाचा खलाशी पाण्यात उडी घेतो आणि बोट व धक्का यांच्या मध्ये सापडून भयंकर जखमी होतो. वाड्यात सांडणारे पेले, बसताच मोडणारी खुर्ची, फुटणारी सिगार असल्या खोड्यांची रेलचेल आहे. मग एकेक जण नाहीसा होऊ लागतो, विहिरीत छाटलेली मुंडकी दिसतात आणि मफीची वेड्यांच्या इस्पितळातून पळालेली जुळी बहीण बफी हे सारे करते आहे असे उलगडते. जिवाच्या आकांताने पळणारी किट बैठकीच्या खोलीचे दार उघडते, तर मेलेले सगळे तिथे धडधाकट बसलेले असतात. बफी नावाची कोणी नाहीच. वाडा हातचा जाऊ नये म्हणून मफीला तिथे भयनाट्याचा अनुभव देणारे विश्रामगृह चालवायचे आहे आणि ही त्याची रंगीत तालीम होती. बकही रंगभूषेतला कसबी माणूस निघतो.

माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. हा शेवट प्रामाणिक आहे, आणि ज्यांना तो अप्रामाणिक वाटतो त्यांनी चित्रपट पुन्हा एकदा फक्त कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून पाहावा. पूर्ण चित्रपटात एकही खून आरंभापासून अखेरीपर्यंत आपल्यासमोर घडत नाही. स्किपचे प्रेत किटला नौकाघराच्या फळ्यांखाली निमिषभर दिसते. आर्च फासात अडकून उलटा लटकतो, खाली साप असतो, आणि दृश्य तिथेच तुटते. दिग्दर्शकाने खोटे काही दाखवले नाही. त्याने प्रेत दाखवले आणि मृत्यूची भर आपण घातली. वॉल्टन यांची ही जुनीच रीत आहे. ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’ (१९७९) मध्ये मुलांचे खून होतात, तरी आपल्याला ते दिसत नाहीत. आपण ऐकतो तो फक्त टेलिफोन.

मंडळींची मते, विशेषतः विरोधी मते, सविस्तर वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

आपले विवेचन मन लावून वाचले, परंतु मी दुसऱ्या तटातला आहे आणि तिथेच राहणार असे दिसते.

कॅमेऱ्याने खोटे दाखवले नाही, हा तांत्रिक बचाव झाला. माझी तक्रार पुराव्याबद्दल नसून प्रेक्षकाच्या गुंतवणुकीबद्दल आहे. तासभर मी या माणसांच्या जिवाची काळजी केली, किटबरोबर श्वास रोखून धरला, आणि अखेरीस मला सांगण्यात आले की काळजी करण्यासारखे काही नव्हतेच. रहस्यकथेतली चांगली कलाटणी आधी घडलेल्या गोष्टींना नवा अर्थ देते. ही कलाटणी त्यांचा अर्थ काढून घेते. ‘हे सगळे स्वप्न होते’ या शेवटाला आपण शाळकरी म्हणतो, मग ‘ही सगळी चेष्टा होती’ या शेवटाला वेगळा न्याय का द्यायचा?

दुसरे असे की निर्मात्यांना स्वतःलाच हा शेवट पुरेसा वाटला नसावा. म्हणून तर अगदी शेवटी पाहुण्यांपैकी नॅन मागून येऊन मफीचा गळा चिरते. हा चित्रपटातला एकमेव खरा खून, आणि तोही कारणाशिवाय जोडलेला. हा चित्रपट मी बऱ्याच वर्षांपूर्वी मित्राकडून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता, पण तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात एक दुरुस्ती सुचवतो. शेवटच्या प्रसंगात मफी मरत नाही. नॅनच्या हातातले पाते आणि वाहिलेले रक्त दोन्ही खोटे असतात, आणि ते मफीच्या ध्यानात येते. तोही एक डावच आहे.

प्रतिसाद ३

हा शेवट ज्या वर्षी आला ते वर्ष विसरून चालणार नाही. ‘हॅलोवीन’ १९७८ चा आणि ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ १९८० चा. त्यानंतर दिनदर्शिकेतला एकही सण या मंडळींनी सोडला नाही. वाढदिवस झाला, नाताळ झाला, व्हॅलेंटाइन दिवस झाला. पॅरामाउंटच्याच ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ला (१९८१) प्रमाणपत्रासाठी इतकी कात्री लावावी लागली की खुनांची दृश्ये जवळजवळ गायब झाली. १९८६ पर्यंत खून कसा करायचा यातले नावीन्य संपले होते आणि खुनी कोण यातलेही संपत आले होते.

या काळात कलाटणीचे बरेच प्रयोग झाले, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय ‘एप्रिल फूल्स डे’ला न्याय देता येणार नाही. ‘हॅपी बर्थडे टू मी’ (१९८१) मध्ये शेवटी चेहऱ्यावरचा मुखवटा ओढून काढला जातो आणि खुनी भलतीच निघते. मुखवटा इतका हुबेहूब कसा, याचे पटण्याजोगे उत्तर नाही. ‘स्लीपअवे कँप’चा (१९८३) शेवट धक्कादायक आहे यात वाद नाही, पण तो धक्का एका मुलाच्या देहाला विकृतीसारखे दाखवून मिळवला आहे, आणि आज तो पाहताना मला अवघडल्यासारखे होते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या पाचव्या भागात (१९८५) मुखवट्याआड मालिकेतला नेहमीचा खुनी जेसन नसून रुग्णवाहिकेवरचा एक कर्मचारी निघाला, तेव्हा मालिकेचे चाहते इतके नाराज झाले की सहाव्या भागात जेसनला थडग्यातून उठवावे लागले.

या तिन्ही चित्रपटांत प्रेक्षकाला हवे ते रक्त मिळाले, प्रश्न होता तो फक्त ते कोणी सांडले याचा. वॉल्टन यांनी रक्तच परत घेतले, आणि प्रेक्षकाला राग आला तो याचा. आपली फसवणूक झाली असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आपण नेमके कशाचे पैसे दिले होते हे स्वतःला विचारून पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आठ-नऊ तरुण माणसे जिवंत आहेत हे कळल्यावर किटला हायसे वाटते आणि प्रेक्षक मात्र चिडतो. हा फरक मला त्या कलाटणीपेक्षाही जास्त विचार करायला लावतो.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधला शेवटचा परिच्छेद मला मान्य नाही. प्रेक्षक चिडतो म्हणजे त्याला माणसे मेलेली हवी होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. शोकांतिका पाहायला जाणाऱ्याला नायकाचा मृत्यू हवा असतो असे आपण म्हणत नाही. त्याला परिणाम हवा असतो, घडलेल्या गोष्टीला वजन हवे असते. प्रतिसाद १ ची तक्रार तीच आहे असे मी समजतो.

माझी स्वतःची अडचण अधिक व्यवहारी आहे. मफीची योजना चालली कशी? नळाचे पाणी बंद पडल्यावर मंडळी विहिरीवर जातात आणि निक्की विहिरीत पडते. ती पडताना तिचा पाय मोडला असता तर? जिवाच्या भीतीने पळणाऱ्या किटने किंवा तिच्याबरोबरच्या रॉबने हाताला येईल ते हत्यार उचलून ‘बफी’च्या डोक्यात घातले असते तर? ज्याला आपण मरणार आहोत अशी खात्री पटली आहे तो माणूस काहीही करू शकतो, आणि मफीची सगळी इमारत याच खात्रीवर उभी आहे. पाहुण्यांना आधी कल्पना न देता असा अनुभव विकणारे विश्रामगृह पहिल्याच आठवड्यात न्यायालयात उभे राहिले असते. डेव्हिड फिंचरच्या ‘द गेम’बद्दलही (१९९७) माझी हीच तक्रार आहे, तिथेही शेवट असाच, सारे ठरवून घडवल्याचा, आणि तिथेही नायकाने एक पाऊल वेगळे टाकले असते तर सगळेच कोसळले असते.

प्रतिसाद ५ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तरे देण्याऐवजी मला जे महत्त्वाचे वाटते त्यावरच थांबतो.

प्रतिसाद ४ मधला व्यवहाराचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. त्याला उत्तर नाही. विहिरीचा प्रसंग योजनेत बसत नाही, आणि ‘ही पहिलीच तालीम होती’ एवढ्याने तो बसवता येत नाही. चित्रपट ८९ मिनिटांचा आहे. त्यातली चार-पाच मिनिटे मफीने आपली यंत्रणा समजावून सांगण्यात घालवली असती तर बरे झाले असते.

मात्र कलाटणी आधीच्या घटनांचा अर्थ काढून घेते, हे विधान मी मान्य करणार नाही. उलट मला असे दिसते की पहिल्यांदा पाहताना जे प्रसंग मधल्या वेळचे वाटतात, तेच दुसऱ्यांदा पाहताना सर्वात जड होतात. खोल्यांमध्ये ठेवलेल्या वस्तू आठवून पाहा. पेले आणि खुर्च्या या साऱ्यांना हसवणाऱ्या खोड्या. खोल्यांतल्या खोड्या तशा नाहीत. नॅनच्या खोलीत लहान बाळाच्या रडण्याचा आवाज येतो, कारण तिने कधीकाळी गर्भपात करून घेतला होता. हे मफीला ठाऊक आहे. कोणी तरी विश्वासाने सांगितलेली किंवा कुठून तरी कानावर आलेली गोष्ट तिने ध्वनिफितीवर आणून मैत्रिणीच्या उशापाशी ठेवली. पहिल्या वेळी आपण हे खुनी माणसाचे काम समजून पुढे जातो. दुसऱ्या वेळी कळते की खुनी नाहीच, हे मैत्रिणीनेच केले, करमणुकीसाठी. चित्रपटात कोणी मेले नाही हे खरे, पण काही तरी क्रूर घडले हेही तितकेच खरे, आणि त्या क्रूरतेवर शेवटाने पांघरूण घातलेले नाही.

पुरावा शेवटच्या प्रसंगात आहे. आरंभी मफीच्या बालपणातला एक तुकडा येतो, वाढदिवसाला मिळालेल्या पेटीचा, जिचे झाकण उघडताच आतून बाहुला उसळून बाहेर येतो. मेजवानी आटोपल्यावर मफीला आपल्या खोलीत तशीच पेटी भेट म्हणून ठेवलेली सापडते. ती उघडते आणि मागून पाते गळ्यावर फिरते. पाते फिरवणारी व्यक्ती नॅन आहे. आठ जणांपैकी हे काम आर्चलाही देता आले असते, चॅझलाही देता आले असते. ते नॅनला दिले याला मी योगायोग मानत नाही. त्या एका क्षणापुरती मफी आपल्या पाहुण्यांच्या जागी उभी राहते आणि आपण खरोखर मरतो आहोत असे तिला वाटते. प्रतिसाद १ ने ज्याला कारणाशिवाय जोडलेला प्रसंग म्हटले, त्याला संपूर्ण चित्रपटात सर्वात सबळ कारण आहे.

प्रतिसाद ६

शेवटाविषयी चर्चा चालू आहे तर हेही नोंदवावेसे वाटते की मूळ आराखड्यात गोष्ट बैठकीच्या खोलीत संपत नव्हती. त्या आराखड्यात स्किप वारशातल्या वाट्यासाठी खरोखर मफीच्या जिवावर उठतो. म्हणजे खोट्या खुनांच्या आड एक खरा हेतू दडलेला होता. प्रदर्शित चित्रपटात तो धागा नाही. जेफ रोव्हिन यांनी लिहिलेल्या कादंबरीरूपात मात्र त्या धर्तीचा शेवट आढळतो.

अनेक चाहत्यांना तो शेवट सरस वाटतो. मला तसे वाटत नाही. सगळी चेष्टा आणि त्यात एक खरा खून, हा डाव जुना आहे आणि सुरक्षित आहे. प्रेक्षकाला त्याचे रक्त मिळते, तो समाधानाने घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी चित्रपट विसरतो. सुमारे ५० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत १ कोटी २९ लाखांच्या आसपास कमाई केली, म्हणजे तो बुडाला नाही, पण मालिका निघावी इतका चाललाही नाही. २००८ मध्ये याच नावाने जो नवा चित्रपट थेट डीव्हीडीवर आला, त्यात मूळ कलाटणीचे धैर्य उरले नव्हते आणि त्याची आज कोणी फारशी आठवणही काढत नाही. मूळ चित्रपटावर मात्र आपण अजून भांडतो आहोत.

प्रतिसाद ७

किटविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते.

कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ च्या निबंधात आणि पुढे १९९२ च्या पुस्तकात ‘फायनल गर्ल’ ही कल्पना मांडली. इतर सगळे मेल्यावर उरलेली, प्रेते पाहणारी, किंचाळणारी, आणि अखेरीस खुन्याशी स्वतः झुंजणारी मुलगी. एमी स्टीलने १९८१ मध्ये जी जिनी उभी केली ती या वर्णनाचा उत्तम नमुना आहे. जेसनच्या आईचा स्वेटर अंगात घालून, तिच्याच आवाजात बोलून ती जेसनला क्षणभर थांबवते. म्हणजे तिथेही एमी स्टील सोंग घेऊनच वाचते. पाच वर्षांनी तिला या बेटावर आणले आणि सोंग घेण्याची पाळी इतर सगळ्यांवर आली. ज्यांनी दोन्ही चित्रपट पाहिले आहेत त्यांना ही निवड निव्वळ ओळखीच्या चेहऱ्यासाठी केलेली वाटणार नाही.

किट आणि रॉब हे दोघेच शेवटपर्यंत आत घेतले गेले नाहीत. बाकीचा प्रत्येक जण ‘मेला’ त्या क्षणी पडद्यामागे गेला, त्याला गुपित सांगितले गेले आणि तो नाटक कंपनीत सामील झाला. या चित्रपटात मरणे म्हणजे गुपित कळणे, आणि जिवंत राहणे म्हणजे अंधारात राहणे. स्लॅशरपटाचा नियम असा मुळापासून फिरवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एरवी वाचलेल्या मुलीला सगळे ठाऊक असते आणि मेलेल्यांना काहीच कळलेले नसते.

एक लहानशी गोष्ट भित्तिपत्रकाविषयी. पाठमोरी मुलगी, तिच्या वेणीचा फास झालेला, पाठीमागे धरलेल्या हातात सुरी, आणि समोर पेले उंचावून तिचे स्वागत करणारी मित्रमंडळी. वेणीच्या फासाकडे सगळ्यांचे लक्ष गेले, पेल्यांकडे कोणाचे गेले नाही. चित्रपटाचा शेवट त्या चित्रात रंगवून चित्रपटगृहाच्या दारावर लावलेला होता: सुरी हातात घेतलेली मफी आणि तिच्यासमोर जिवंत, आनंदात असलेले पाहुणे.

प्रतिसाद ८

‘गुमनाम’ (१९६५) पाहिलेल्या आपल्या पिढीला एकाकी बेट आणि एकेक करून मरणारी माणसे हा साचा नवा नव्हता. त्याचे मूळ अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या कादंबरीत आहे. त्या कादंबरीतही मेलेला एक माणूस मेलेला नसतो, हे येथील वाचकांना आठवत असेलच. वॉल्टन आणि बाख यांनी तोच डाव एकाऐवजी सगळ्यांवर लावला. या दृष्टीने पाहिले तर हा स्लॅशरपट नसून स्लॅशरचे कपडे घातलेली रहस्यकथा आहे, आणि रहस्यकथेच्या वाचकाला फसवून घेण्यातच आनंद असतो. दोन तट पडण्याचे कारण बहुधा हेच असावे की एका तटाने स्लॅशर पाहिला आणि दुसऱ्याने रहस्यकथा.

प्रतिसाद ९ (प्रतिसाद १ चा लेखक)

प्रतिसाद २ मधली दुरुस्ती वाचून मी अस्वस्थ झालो, कारण मला माझ्या आठवणीची खात्री होती. म्हणून काल रात्री संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहिला.

शेवटाविषयीचे माझे मत फारसे बदललेले नाही. किट दार उघडते तो क्षण आजही मला खाली आपटल्यासारखा वाटला. नॅनविषयी धागाकर्त्याने जे लिहिले ते मात्र पटले, आणि बाळाच्या रडण्याच्या प्रसंगाला काल मला पुढचे काही पाहवेना म्हणून काही मिनिटे थांबावे लागले.

दुरुस्तीही बरोबर आहे. पाते खोटे आहे, रक्त खोटे आहे, मफी जिवंत आहे. इतकी वर्षे माझ्या आठवणीत तिचा गळा खरोखर चिरला गेला होता, ती जमिनीवर कोसळली होती आणि नॅन तिच्याकडे पाहत उभी होती. कोसळलेली मफी मला इतकी स्पष्ट आठवत होती की तिच्या हाताची ठेवण मी सांगू शकलो असतो. तसे एकही चित्र त्या चित्रपटात नाही.